गावाचा इतिहास : किलोवर, फुटावर आणि नगावर

तालुक्याच्या कुठल्याही गावात एसटी स्टँडवर उतरा आणि बाजारपेठेकडे चालायला लागा. कापड, किराणा, भांडी, सोनं अशी दुकानं मागे पडली की एक दुकान येतं, ज्याचा अर्धा माल रस्त्यावर मांडलेला असतो. एकात एक बसवलेली घमेली, कोपऱ्यात उभे केलेले फावड्यांचे दांडे, पाइपची वेटोळी, वर टांगलेल्या बादल्या. आत काउंटरच्या मागे छोट्या खणांची भिंत आणि प्रत्येक खणाच्या तोंडाशी आतल्या मालाचा एक नमुना ठोकलेला. वर पाटी : 'सर्व प्रकारचे खिळे, पत्रे, नळ, पाइप, रंग व शेतीची अवजारे योग्य दरात मिळतील.'

गावात वीज आली तेव्हा सगळ्यात आधी कळलं या दुकानाला. नळ आले, दुष्काळ पडला, कौलं जाऊन स्लॅब आले, तेही इथेच आधी कळलं. इतिहास शोधायला आपण देवळाचा शिलालेख वाचतो, वाड्याचा दरवाजा न्याहाळतो. माझं म्हणणं असं की हार्डवेअरच्या दुकानाचा काउंटरही तितक्याच बारकाईने वाचावा. त्या काउंटरवरच्या काही चटकदार गोष्टी इथे देतो.

नांगर आला, पण घ्यायला कुणी तयार नाही

लोखंडी नांगर ही आज जुनी वस्तू वाटते. पण १९०३ मध्ये लक्ष्मणराव किर्लोस्करांनी तो बाजारात आणला, तेव्हा शेतकऱ्यांनी हात आखडता घेतला. लोखंडाने जमिनीत विष उतरेल, अशी अनेकांची पक्की समजूत होती. पहिला नांगर विकायला लक्ष्मणरावांना दोन वर्षं लागली. मुंबईतल्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये शिकवणारा, १८८८ मध्ये बेळगावात सायकलचं दुकान काढणारा हा माणूस. आधी कडबा कापायचं यंत्र, मग नांगर. बेळगावातून जागा हलवावी लागली, तेव्हा औंध संस्थानच्या पंतप्रतिनिधींनी कुंडल रोड स्टेशनजवळच्या माळावर ३२ एकर जमीन दिली आणि १९१० मध्ये किर्लोस्करवाडी वसली. आज रेल्वे स्टेशनलाही तेच नाव आहे.

आता यातली सगळ्यात मजेची गोष्ट. या कारखान्याच्या मालाची, विक्रेत्यांची आणि गिऱ्हाइकांची खबरबात देण्यासाठी १९२० मध्ये शंकरराव किर्लोस्करांनी 'किर्लोस्कर खबर' नावाचं छोटं पत्रक काढलं. त्याचंच पुढे 'किर्लोस्कर' मासिक झालं. पाठोपाठ १९३० मध्ये 'स्त्री' आणि १९३४ मध्ये 'मनोहर' आलं. मराठी मध्यमवर्गाला दोन-तीन पिढ्या विचार करायला लावणाऱ्या मासिकांचं मूळ नांगराच्या जाहिरातीत आहे! मराठी नियतकालिकांच्या इतिहासातली ही गोष्ट मला सगळ्यात जास्त आवडते.

कंदिलाखालचं गाव

वीज येण्याआधी हार्डवेअरच्या दुकानात पावसाळ्याच्या तोंडावर सगळ्यात जास्त खपायचं काय? कंदील, त्याच्या काचा आणि वाती. सुरुवातीला हा माल परदेशी असायचा. अमेरिकेच्या डिट्झ कंपनीचे कंदील घरोघरी होते. मग कऱ्हाडजवळ ओगले बंधूंनी १९१६ मध्ये काचेचा कारखाना काढला आणि 'प्रभाकर' कंदील महाराष्ट्रभर पोचला. ओगलेवाडी हे नाव त्यावरून पडलं. कऱ्हाडचं रेल्वे स्टेशन आजही ओगलेवाडीतच आहे. याही उद्योगामागे औंधच्या पंतप्रतिनिधींचा पाठिंबा होता. एका छोट्या संस्थानाच्या आश्रयाने एक नांगराचं गाव वसलं आणि एक कंदिलाचं. स्वदेशी म्हणजे नुसती होळी आणि मिरवणूक नव्हती. तालुक्याच्या दुकानदाराने परदेशी कंदिलाशेजारी प्रभाकर टांगला आणि गिऱ्हाइकाने तो उचलला, तिथेही स्वदेशी घडत होती.

पुढे वीज आली आणि खण बदलले. लाकडी पट्ट्या, चिनी मातीचे किटकॅट फ्यूज, काळ्या बेकेलाइटचे गोल बटणांचे स्विच. जुन्या घरात वायरिंग उघडी दिसली तर पट्टी कुठल्या प्रकारची आहे बघा. त्या घरात पहिला दिवा साधारण कोणत्या काळात लागला, ते जुना वायरमन तेवढ्यावरून सांगतो.

किलोमीटर आले, तरी सूत गेलं नाही

भारतात वजनमापांचा कायदा १९५६ चा. मेट्रिक वजनं १ ऑक्टोबर १९५८ पासून टप्प्याटप्प्याने लागू झाली. शेर गेला, मण गेला, पायली गेली. पण हार्डवेअरच्या काउंटरवर कान देऊन उभे राहा :

"शेठ, तीन सुती सळई किती फूट निघंल?"

"कशाला पाहिजे?"

"ओट्याला."

"मग दोन सुती बी चालंल की."

आठ सूत म्हणजे एक इंच. तीन सुती म्हणजे साधारण १० मिलिमीटर, चार सुती म्हणजे १२. कंपनीच्या बिलावर मिलिमीटर, तोंडात सूत. वाळू-खडी ब्रासवर, एक ब्रास म्हणजे १०० घनफूट. प्लॉट गुंठ्यावर, एक गुंठा म्हणजे १०८९ चौरस फूट. पत्रा फुटावर, खिळे किलोवर, स्क्रू डझनावर नाहीतर ग्रोसवर, नळ नगावर. इतकी मापं तोंडपाठ असलेला माणूस गावात दुसरा सापडत नाही आणि त्याला कॅल्क्युलेटर लागत नाही.

अर्धा इंची पाइपची गंमत तर अनेकांना माहीत नसते. घरी पट्टी लावून मोजून पाहा. लोखंडी अर्धा इंची पाइपचा बाहेरचा व्यास २१ मिलिमीटरच्या पुढे भरतो, म्हणजे पाऊण इंचापेक्षाही जास्त. आतलं भोकही अर्ध्या इंचापेक्षा मोठंच. जुन्या काळी पाइप जाड पत्र्याचे असत आणि माप आतल्या भोकाचं धरत. पुढे पत्रा पातळ झाला, बाहेरचं माप आणि आटे तेच राहिले, नावही तेच राहिलं. हे आटे जोसेफ व्हिटवर्थ या इंग्रज इंजिनिअरच्या पद्धतीतून आलेले आहेत आणि ती पद्धत त्याने १८४१ मध्ये मांडली. आपल्या मोरीतला नळ आजही त्या हिशेबाने बसतो. म्हणूनच वीस वर्षांपूर्वीच्या पाइपाला आज विकत घेतलेली तोटी लागते.

तारेचा नंबरही असाच उलटा. ८ नंबरची तार ४ मिलिमीटर जाड आणि २० नंबरची जेमतेम १ मिलिमीटर. तार साच्यातून जितक्या वेळा ओढाल तितकी ती बारीक होते, त्यामुळे नंबर वाढला की जाडी कमी. पॉलिश पेपरचंही तसंच : ८० नंबर खरखरीत, २२० मऊ.

आणि आट्यांची शेवटची गोष्ट. सगळे स्क्रू उजवीकडे फिरवल्यावर आवळतात, पण सायकलचं डावं पायडल उलट्या आट्यांचं असतं, नाहीतर चालवता चालवता सैल होऊन गळून पडेल. वेल्डिंगवाल्याकडच्या जळणाऱ्या गॅसच्या नळकांडीलाही उलटे आटे असतात, म्हणजे घाईगर्दीतसुद्धा ऑक्सिजनची नळी त्या जागी बसूच शकत नाही. एका साध्या आट्याने किती जीव वाचवले असतील!

बैलाच्या शिंगावर उभी राहिलेली कंपनी

१९४२ साली मुंबईत चार मित्रांनी गिरगावातल्या एका गॅरेजमध्ये रंगाचा धंदा सुरू केला. नाव, एशियन पेंट्स. मोठ्या शहरांतले मोठे विक्रेते परदेशी कंपन्यांच्या हातात होते, नव्या देशी कंपनीला ते दारात उभं करत नव्हते. मग या मंडळींनी गावोगावच्या छोट्या दुकानांची वाट धरली आणि माल लहान डब्यांत भरला. कंपनीच्या वाटचालीच्या गोष्टीत पोळ्याचा उल्लेख हटकून येतो. बैलाची शिंगं साळायची आणि रंगवायची, ही आपली रीत. पूर्वी हिंगूळ लावत, पुढे ऑइल पेंट आला. एका बैलजोडीच्या चार शिंगांना रंग लागतो तरी किती? त्याला मोठा डबा कोण घेणार? छोटा डबा मात्र शेतकरी हसत घेऊन जायचा. ज्या दुकानात पोळ्याला किंवा बेंदराला रंग मिळाला, त्याच दुकानात तो पुढे दिवाळीत दाराच्या रंगासाठी आला.

डब्यावरचा तो केसांची झुलपं कपाळावर आलेला, हातात ब्रश घेतलेला खट्याळ पोरगा आठवतो? तो गट्टू. १९५४ मध्ये आर. के. लक्ष्मण यांनी काढला. नाव लोकांकडून स्पर्धा घेऊन मागवलं होतं. कितीतरी गावांत मुलांनी पाहिलेलं लक्ष्मण यांचं पहिलं चित्र वर्तमानपत्रातलं नव्हतं, हार्डवेअरच्या दुकानातल्या पत्र्याच्या पाटीवरचं होतं.

रंगाबाबत एक काळजीची गोष्टही सांगून ठेवतो. जुन्या तैलरंगांत शिसं भरपूर असायचं. आपल्याकडे घरगुती रंगांतल्या शिशाची मर्यादा दहा लाख भागांत ९० भाग इतकी खाली आणणारा नियम १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. त्यामुळे जुन्या वाड्याचं दार कोरडं घासायला घेऊ नका. पाणी मारून घासा, तोंडाला फडकं बांधा आणि पोरांना लांब ठेवा.

एका गोणीसाठी अर्ज

आज सिमेंट सांगाल तितकं दारात येऊन पडतं. १९८२ पूर्वी घर बांधलेल्या वडीलधाऱ्यांना विचारा. सिमेंटवर सरकारी नियंत्रण होतं. अर्ज करायचा, परमिट मिळवायचं, ते घेऊन दुकानात जायचं, आणि दुकानात 'माल आला नाही' ऐकून परत यायचं. संडास बांधायचा असो की शाळेची खोली, बांधकामाची तारीख गवंडी ठरवत नव्हता, परमिट ठरवत होतं. त्या काळी सिमेंटची एजन्सी असलेला दुकानदार गावातला वजनदार माणूस मानला जाई.

महाराष्ट्राचा एक मुख्यमंत्री सिमेंटवरून गेला, हे नव्या पिढीला खरं वाटत नाही. बांधकाम व्यावसायिकांना जादा सिमेंटचा कोटा आणि त्या बदल्यात मुख्यमंत्र्यांच्या प्रतिष्ठानाला देणग्या, असं प्रकरण १९८१ मध्ये 'इंडियन एक्स्प्रेस'ने बाहेर काढलं. जानेवारी १९८२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने त्यांच्या विरोधात निकाल दिला आणि बॅरिस्टर अ. र. अंतुले यांनी राजीनामा दिला. त्याच वर्षी फेब्रुवारीअखेर सिमेंटवरचं नियंत्रण अंशतः उठलं आणि १९८९ मध्ये पूर्ण. गावातल्या जुन्या इमारतींचा काळ ओळखायला १९८२ हे साल उपयोगी पडतं. चुन्यात बांधलेले वाडे, मग मातीच्या जोत्यावर थोडंसं सिमेंट वापरून केलेली घरं, आणि त्यानंतर एकाएकी उठलेले स्लॅब.

सिमेंट घेणाऱ्यांनी एक लक्षात ठेवावं : गोणीवरचा आठवडा आणि साल वाचा. तीन महिन्यांपेक्षा जास्त पडून राहिलेलं सिमेंट तपासल्याशिवाय वापरू नये. हवेतला ओलावा त्याची ताकद खातो.

सोलापूर-जालन्याचं पाणी आफ्रिकेत

सरकारी विंधन विहिरी खोदल्या जाऊ लागल्या तेव्हा त्यांवर बिडाचे हातपंप बसवले जात. ते पंप मुळात एका कुटुंबाच्या अंगणासाठी घडवलेले. सगळं गाव दिवसभर त्यावर तुटून पडलं की दांडा मोडायचा, आणि मग पंप महिनोन् महिने तसाच उभा. यावर पहिला चांगला तोडगा निघाला तो आपल्या मराठवाड्यात, जालन्यात. संपूर्ण पोलादी पंप, एकाच खिळीवर फिरणारा दांडा. मग सोलापुरात तो आणखी सुधारला. तिथल्या एका स्वशिक्षित मिस्त्रीचं डोकं त्यामागे होतं. हा 'सोलापूर पंप' समोर ठेवून केंद्र सरकार आणि युनिसेफ यांनी १९७० च्या दशकात 'इंडिया मार्क टू' तयार केला. त्याच्या आराखड्यावर कुणाचीही मक्तेदारी ठेवली नाही, कुणीही तो बनवावा. लाखो पंप बसले. भारतात बसले आणि आफ्रिकेतल्या कितीतरी देशांतही बसले.

शाळेसमोरच्या, देवळामागच्या त्या पंपाचं वायसर कुणाकडून यायचं, आणायला कोण पळायचं, हे ज्याला आठवतं त्याला सांगायची गरज नाही. पण आपल्या गल्लीतल्या पंपाची जन्मकथा जालना-सोलापूरची आहे, हे शाळेत शिकवायला हवं. मी ते कुठल्याही पाठ्यपुस्तकात वाचलेलं नाही.

टिकाव, फावडं, घमेलं

१९७२ चा दुष्काळ. पिकं गेली आणि सरकारने कामं काढली : खडी फोडणं, रस्ते, पाझर तलाव, नालाबांध. लाखो माणसं कामावर गेली. ती हातात काय घेऊन गेली, ते दुकानाच्या वहीत सापडतं. टिकाव, फावडं, पहार, घमेलं. बी-बियाण्याच्या दुकानात शुकशुकाट आणि इथे अवजारांची मागणी, हे त्या साली अनेक गावांचं चित्र. या अनुभवातून रोजगार हमीचा कायदा १९७७ मध्ये आला आणि देशाच्या रोजगार हमी योजनेच्या कितीतरी वर्षं आधी महाराष्ट्राने कामाचा हक्क कायद्यात लिहिला.

हीच अवजारं २०१६ मध्ये पुन्हा एकत्र दिसली. वरूड, अंबाजोगाई आणि कोरेगाव या तीन तालुक्यांत पाणी फाउंडेशनची वॉटर कप स्पर्धा सुरू झाली आणि भर उन्हाळ्यात गावं श्रमदानाला उतरली. पुढच्या वर्षांत तालुके वाढत गेले. आधीच्या वेळी घमेलं मजुरीसाठी उचललं होतं, या वेळी स्वतःच्या शिवारासाठी.

पत्रा

३० सप्टेंबर १९९३ ची पहाट. आदल्या दिवशी गणपती विसर्जन झालेलं. किल्लारीच्या भूकंपाने लातूर आणि उस्मानाबाद जिल्ह्यांत हजारो माणसं गेली. मातीत रचलेल्या दगडांच्या जाड भिंती आणि वर मातीचं जड माळवद, हे सगळं झोपलेल्या माणसांवर आलं. भिंत उन्हाळ्यात गारवा देणारी, पिढ्यान् पिढ्यांच्या ओळखीची होती, पण तिला बांधून ठेवणारं काही नव्हतं.

त्यानंतर त्या भागात पत्र्याच्या शेडची वस्ती उभी राहिली. पुढे ५२ गावं नव्या जागी वसवली गेली. तिथल्या आणि आसपासच्या अनेकांना कितीतरी काळ दगडी घरात झोप लागत नसे, अंगणात पत्र्याची खोली काढून ते झोपत. डोक्यावर हलकं छप्पर हवं, ही भीतीतून आलेली मागणी होती. हा पन्हाळी पत्रा मुळात १८२९ मध्ये लंडनच्या गोदीत काम करणाऱ्या हेन्री पामर याच्या डोक्यातून निघाला. सपाट पत्रा वाकतो, नागमोडी केला की तोच ताठ उभा राहतो. जस्ताचा थर देण्याची रीत १८३७ मध्ये फ्रान्समध्ये सोरेल याने पेटंट केली. जस्त आधी स्वतः झिजतं आणि लोखंडाला वाचवतं, म्हणून पत्र्यावर ओरखडा गेला तरी तिथे लगेच गंज चढत नाही. पत्र्याला उन्हात तापणारा, पावसात आवाज करणारा म्हणून आपण नाक मुरडतो. लातूरकडच्या माणसासमोर मी तरी ते करणार नाही.

कुलूप, मतपेटी आणि कुलूप नसलेलं गाव

आर्देशिर गोदरेज यांनी वकिली सोडली, शस्त्रक्रियेची हत्यारं बनवून पाहिली आणि १८९७ मध्ये मुंबईत लालबागला कुलपं बनवायला घेतली. स्वतंत्र भारताची पहिली सार्वत्रिक निवडणूक १९५१-५२ मध्ये झाली, तेव्हा त्यांच्याच कंपनीच्या विक्रोळीच्या कारखान्याने लाखो पोलादी मतपेट्या बनवून दिल्या. त्या निवडणुकीत प्रत्येक उमेदवाराची पेटी वेगळी असायची. मतदान केंद्रावर पेट्यांची रांगच लागायची. पेटीचं कुलूप आतल्या बाजूला होतं, वरून दिसतच नव्हतं.

आणि एक गाव असं, जिथे कडी-कोयंडाही लावत नाहीत. नेवासे तालुक्यातलं शनिशिंगणापूर. तिथल्या घरांना दारं न लावण्याची परंपरा देशभर प्रसिद्ध आहे. २०११ मध्ये तिथे युको बँकेची शाखा उघडली, ती 'कुलूप नसलेली बँक' म्हणून गाजली.

सुताराच्या मागे गेलेला डिंक

सुतार पूर्वी सरस वापरत. जनावरांच्या कातड्या-हाडांचा, विस्तवावर वितळवायचा, वास मारणारा. बळवंतराय पारेख यांनी १९५९ मध्ये फेविकॉल आणला, तो न तापवता वापरता येई. त्यांनी दुकानदाराच्या आधी सुतार गाठला. सुताराने दुकानात जाऊन मागितला की दुकानदाराला ठेवावाच लागे. जाहिराती नंतर आल्या. डब्यावरच्या दोन बाजूंना ओढणाऱ्या हत्तींवरून मला नेहमी जर्मनीतला सतराव्या शतकातला प्रयोग आठवतो. ऑटो फॉन गेरिकेने दोन अर्धगोल जुळवून आतली हवा काढून घेतली आणि दोन बाजूंना जुंपलेले घोडेसुद्धा ते वेगळे करू शकले नाहीत.

दुकान कुणाचं?

महाराष्ट्रात तालुक्याच्या गावातलं हार्डवेअरचं जुनं दुकान म्हटलं की बोहरी शेठ डोळ्यांसमोर येतो. गुजरातेतून आलेल्या दाऊदी बोहरा कुटुंबांनी लोखंड, रंग, काच, नळ यांचा व्यापार गावोगाव नेला. लोखंडवाला, रंगवाला, काचवाला ही आडनावंच सांगतात. लाकडाच्या वखारीत कच्छी पटेल, सिमेंट-सळईत मारवाडी, दक्षिणेकडे लिंगायत व्यापारी आणि आता कितीतरी ठिकाणी शेतकरी घरातली पोरं. वऱ्हाडात गेलात तर शेठ वऱ्हाडी बोलतो, कोकणात मालवणी. मुलुखाची बोली शिकल्याशिवाय हा धंदा होत नाही, कारण गिऱ्हाइकाला वस्तूचं नाव क्वचितच माहीत असतं. "ते वाकडं असतं बघा, पाइपाला लावायचं" म्हटल्यावर एल्बो काढून द्यायचा, आणि "तसलं नाही, तीन तोंडांचं" म्हटल्यावर टी.

अशा दुकानांतून कारखाने निघाले. किर्लोस्करांचं सायकलचं दुकान वर आलंच आहे. पुण्यात विजेच्या सामानाचं छोटं दुकान चालवणाऱ्या छाब्रिया बंधूंची पुढे फिनोलेक्स झाली. जळगावकडे वाकोदच्या भवरलाल जैन यांनी १९६३ मध्ये सात हजार रुपये भांडवलावर रॉकेल विकायला सुरुवात केली आणि १९८० मध्ये ते पीव्हीसी पाइपच्या उत्पादनात उतरले. पुढे त्यांच्या ठिबक सिंचनाने खानदेशची केळी कुठे नेली, ते सगळ्यांना माहीत आहे.

काउंटरवर बसणारं ऑफिस

मोबाइल नव्हते तेव्हा गवंड्याचा पत्ता म्हणजे हार्डवेअरचं दुकान. "मिस्त्री आला की सांगा, पाटलांच्या वाड्यावर पन्हळ गळतेय." प्लंबर, सुतार, रंगारी, वेल्डर सगळे सकाळी तिथल्या बाकावर. कोणाच्या हाताला काम आहे, कोण बरोबर मापात करतो, कोणाला आगाऊ पैसे देऊ नयेत, हे शेठला ठाऊक. गल्लीत नळाची लाइन कुठून गेलीय, हे नगरपालिकेच्या नकाशाआधी त्याला विचारलं जाई, कारण पाइप त्यानेच दिलेला आणि आटेही त्याच्याच दुकानात पाडलेले.

खंडेनवमीला वजनकाटा आणि आटे पाडायचं यंत्र हळद-कुंकू लावून पुजायचं, लक्ष्मीपूजनाला नवी वही. भिंतीवर 'आज रोख उद्या उधार' लिहिलेलं आणि खाली गावातल्या निम्म्या घरांची उधारी. सुगीला फेडायची, ऊस गेला की फेडायची, कापूस विकला की फेडायची. शेतकऱ्याच्या घराला बँकेचं कर्ज मिळत नव्हतं त्या काळात कितीतरी छपरं या उधारीवर चढली. हे ऋण गावांनी कधी नीट मोजलेलं नाही, असं मला मनापासून वाटतं.

वह्या रद्दीत घालू नका

त्या लाल कापडी बांधणीच्या लांबट वह्या अजून कुठे कुठे आहेत. रोजमेळ, खतावणी, उधारी. कुठल्या वस्तीत कोणत्या साली पहिल्यांदा पत्रा चढला, कोणत्या आळीत नळ आधी आला आणि कोणत्या आळीत वीस वर्षांनी, शाळेला बाकं कोणी दिली, विहिरीवर इंजिन कधी बसलं, हे सगळं तारीखवार तिथे लिहिलेलं आहे. गॅझेटियरमध्ये ते मिळणार नाही. मराठी दुकानांतल्या जुन्या वह्या मोडीत असतात, बोहरी-गुजराती दुकानांतल्या गुजरातीत. मोडी शाळांतून गेल्यालाही बराच काळ लोटला, त्यामुळे वाचणारे कमी होत चाललेत. इतिहाससंशोधक वि. का. राजवाड्यांनी गावोगाव हिंडून दफ्तरं गोळा केली, १८९८ पासून 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने'चे खंड काढले, म्हणून आज तो इतिहास आपल्या हातात आहे. त्यांनी शोधली ती दफ्तरं माळ्यावर, पेट्यांत, वाळवीच्या तोंडी पडलेली होती. दुकानांच्या वह्या आज त्याच अवस्थेत आहेत.

तुमच्या गावातलं जुनं हार्डवेअरचं दुकान बंद होत असेल, नातवंडं पुण्या-मुंबईला गेली असतील, तर एकदा जाऊन शेठला भेटा. वह्या मागा. उधारीतली नावं खाजगी आहेत, ती चारचौघांत फोडायची नाहीत, एवढा शब्द द्या आणि पाळा. पानांचे मोबाइलवर नीट उजेडात फोटो काढा, वहीवर साल आणि गाव लिहा, आणि मूळ वही गावच्या सार्वजनिक वाचनालयात किंवा जवळच्या इतिहास मंडळात पोचती करा. शेठ बसलेला असेल तर शेजारी बसून त्याच्याकडून गावातल्या घरांची माहिती रेकॉर्ड करून घ्या. दिवाळीच्या साफसफाईत माळा रिकामा होतो, तेव्हा हे काम त्याआधी करा.